शून्य आलं की एक?

(पडद्यावर टर्मिनल. एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमधली दोन टेबलं: लेखक आणि पुस्तकं.)

लेखक तीन, पुस्तकंही तीन. आता चौथं पुस्तक टाकू, लेखक क्रमांक ९९. असा लेखक नाहीच. एंटर, मग कमिट, म्हणजे बदल पक्का. कुरकुर न करता ओळ आत गेली.

पुस्तकातला लेखक क्रमांक लेखकांच्या टेबलात असलाच पाहिजे, हा नियम म्हणजे फॉरिन की. एसक्यूलाइटमध्ये तिची सक्ती २००९ पासून, म्हणजे ३.६.१९ आवृत्तीपासून आहे; पण ती मुळात बंद असते. फाइलमध्ये ती साठतही नाही. दर कनेक्शनला 'प्रॅग्मा फॉरिन कीज ऑन' चालवावं लागतं; प्रॅग्मा म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग बदलायची किंवा विचारायची आज्ञा. या पायथन कोडमध्ये कनेक्ट झाल्यावर पहिली ओळ तीच आहे. मग ९९ शिरला कुठून?

(कॅमेरा एक ओळ वर सरकतो.)

पायथन ३.१२ मध्ये कनेक्शनला 'ऑटोकमिट', म्हणजे बदल आपोआप कमिट करण्याचा, पर्याय मिळाला. एका पॅचने तो फॉल्स केला. दिसायला निरुपद्रवी बदल. पण तो फॉल्स असला की कनेक्शन उघडतानाच ट्रान्झॅक्शन, म्हणजे कमिट होईपर्यंतचा बदलांचा गठ्ठा, सुरू होतं, आणि ट्रान्झॅक्शन चालू असताना हा प्रॅग्मा काहीच करत नाही. एरर नाही, वॉर्निंगही नाही. खरी डोकेदुखी तीच.

म्हणून लिहिलेल्या ओळीवर विसंबू नका. तोच प्रॅग्मा 'ऑन' न लिहिता चालवा आणि उत्तर वाचा. एक आलं तर सक्ती चालू. इथे आलंय शून्य.

(कोड बदलताना.)

दुरुस्ती तीन ओळींची: ऑटोकमिट ट्रू करा, प्रॅग्मा चालवा, ऑटोकमिट पुन्हा फॉल्स करा. आता उत्तर एक येतं.

जुन्या टेस्ट या पॅचवरही हिरव्याच होत्या, कारण त्या फक्त बरोबर नोंदी घालत होत्या. नवी टेस्ट मुद्दाम ९९ घालते आणि 'इंटिग्रिटी एरर' आली नाही तर नापास होते. फॉरिन की 'डिफर्ड', म्हणजे तपासणी पुढे ढकललेली, असेल तर एरर कमिटला येते, तेव्हा टेस्टमध्ये कमिट हवंच. ही टेस्ट पायथन ३.११ वरही चालवा: तिथे ऑटोकमिट नाही, कनेक्टलाच 'टाइप एरर' येईल. बग रिपोर्टमध्ये 'एसक्यूलाइट-व्हर्जन'चा आकडा मागा. पायथनच्या आवृत्तीवरून आतलं एसक्यूलाइट कोणतं ते कळत नाही.

राहिल्या आधीच घुसलेल्या नोंदी. सक्ती चालू केल्याने त्या तपासल्या जात नाहीत. त्यासाठी 'फॉरिन की चेक' हा वेगळा प्रॅग्मा.

(टर्मिनलवर एकच ओळ उमटते.)

पुस्तकं, ४, लेखक, ०. टेबल, ओळीचा क्रमांक, ज्यात जोडी सापडली नाही ते टेबल, आणि कितवी फॉरिन की, मोजणी शून्यापासून.