पाच डॉलर आणि एक मत

(दृश्य : खोक्यांवर आडवी टाकलेली जुनी दारे)

पडद्यावर जे टेबल दिसते आहे, ते मुळात एक जुने दार आहे. खाली खोकी लावून ते आडवे ठेवले आहे, कडेने माणसे मांडी घालून बसली आहेत, आणि कुलपाचे भोक अजून उघडेच असल्यामुळे एका मुलीने आपला वाडगा जरा बाजूला सरकवून घेतला आहे. या दाराभोवती जेवता जेवता आज कोणाच्या तरी कामासाठी पैसे उभे राहणार आहेत.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ही जेवणे फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू झाली. केट डॉड्रिल आणि जेसिका हर्नांडेझ या दोघींनी मेक्सिकनटाउन वस्तीतील एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर पहिली माणसे जमवली. पुढे अनेक वर्षे एमी केहर्ल यांनी हा उपक्रम सांभाळला आणि ‘डेट्रॉइट सूप’ हे नाव शहराबाहेर पोहोचवले. मूळ कल्पना मात्र शिकागोची होती. तेथे ‘इन्क्युबेट’ या कलाविषयक गटाने २००७ मध्ये ‘संडे सूप’ सुरू केले होते. सूप विकून आलेल्या पैशांतून एखाद्या कलावंताच्या प्रकल्पाला हातभार लावायचा, इतकाच तो साधा व्यवहार होता.

(दृश्य : प्रवेशद्वार, हातातील नोटा, लांबलेली रांग)

दारात पाच डॉलर द्यायचे. त्या बदल्यात सूप, सॅलड, पाव आणि एक मत मिळते. आपल्याकडच्या भिशीतही सगळे पैसे घालतात आणि रक्कम एकाच्या हाती जाते. पण भिशीत आज ना उद्या आपला नंबर लागतो, इथे तो लागत नाही, आणि तरीही रांग इमारतीबाहेर गेलेली दिसते.

ही इमारत पूर्व ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील ‘जॅम हँडी’ची आहे. जॅम हँडी यांच्या कंपनीने मोटार उद्योगासाठी जाहिरातपट आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी प्रशिक्षणपट तयार केले. ज्या वास्तूत मोटारी कशा विकाव्यात याचे चित्रपट निघाले, तिच्यातच मोटारींनी घडवलेल्या आणि नंतर वाऱ्यावर सोडलेल्या शहराचे रहिवासी पुढे आपापल्या गल्लीचा विचार करायला जमू लागले, हा योगायोग कॅमेऱ्याने टिपला नसता तरी सांगावाच लागला असता.

मोटार कंपन्यांतील नोकऱ्यांमुळे डेट्रॉइटचे नाव अनेक मराठी घरांना परिचित आहे. पण ती घरे बहुतेक उपनगरांत आहेत. मूळ शहराची गोष्ट वेगळी आहे. १९५० च्या जनगणनेत येथे साडेअठरा लाख लोक होते, २०१० मध्ये ते सव्वासात लाखांच्याही खाली आले. कारखाने हलले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, कर देणारे कमी झाले आणि जुलै २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षी रस्त्यावरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते. अशा ठिकाणी एखाद्याला कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत भाजीचा मळा करायचा असेल, तर त्याने अनुदान देणाऱ्या मोठ्या प्रतिष्ठानाकडे जाऊन नोंदणीकृत संस्था, लेखापरीक्षण आणि तीन वर्षांचा आराखडा कुठून आणायचा?

(दृश्य : मंच. एक स्त्री कागदाची घडी उलगडते.)

इथे आराखडा लागत नाही. एका संध्याकाळी चार जण बोलतात. प्रत्येकाला चार मिनिटे मिळतात आणि श्रोत्यांकडून चार प्रश्न येतात. लॅपटॉप नाही, पडद्यावरची सरकती चित्रे नाहीत. कोणी शाळेनंतरच्या वर्गासाठी पैसे मागतो, कोणी भित्तिचित्रासाठी, कोणी शेजारच्या मुलांच्या सायकली दुरुस्त करण्याच्या अवजारांसाठी. ऐकणे आधी होते आणि जेवण नंतर. हा क्रम सोयीचा वाटतो, पण सगळी गंमत त्याच्यातच आहे, कारण सुपाच्या रांगेत अनोळखी माणसे एकमेकांना ‘तुम्ही कोणाला देणार?’ असे विचारू लागतात आणि मंचावर न विचारलेला पाचवा प्रश्न तिथे निघतो.

(दृश्य : मतपेटी, मोजणी)

मग मते पडतात, मोजली जातात, आणि दारात जमलेली सगळी रक्कम विजेत्याला त्याच रात्री दिली जाते. हे काही शे डॉलर असतात, कधी हजारापर्यंत जातात. छापील अर्ज नाही, खर्चाचे विवरण नाही. पुढच्या एखाद्या जेवणाला येऊन काम कुठवर आले ते सांगावे, एवढीच अपेक्षा असते. आमच्या मते या पद्धतीचा खरा कस इथेच लागतो, कारण ज्यांनी पाच-पाच डॉलर दिले त्यांच्यासमोर उभे राहून बोलणे हे अहवाल पाठवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

(दृश्य : शिलाई यंत्रे, उलगडत जाणारा कोट)

हा कोट उलगडला की झोपण्याची पिशवी होते. व्हेरोनिका स्कॉट यांनी कलाशाळेत शिकत असताना बेघर लोकांसाठी तो तयार केला. तेव्हा एका बेघर स्त्रीने त्यांना सुनावले की आम्हाला कोट नको, काम हवे आहे. त्यावर स्कॉट यांनी निवाऱ्यात राहणाऱ्या स्त्रियांनाच शिवणकामावर घेतले. ‘सूप’च्या मंचावरून ज्या कामांना बळ मिळाले, त्यांत त्यांचा ‘एम्पॉवरमेंट प्लॅन’ होता. पुढे जनरल मोटर्सने मोटारीत आवाज अडवण्यासाठी वापरले जाणारे अस्तर त्यांना दिले आणि तेच या कोटाच्या आत ऊब धरण्यासाठी बसले.

सगळीच कामे इतकी पुढे गेली नाहीत, आणि २०१४ मध्ये थकलेल्या बिलांपायी हजारो घरांचे पाणी तोडले गेले, तो प्रश्न अशा जेवणांनी सुटणारा नव्हता.

(दृश्य : वस्तीतील सभागृह, लहान मुले, वाफाळते पातेले)

ही पद्धत ब्रिटनमध्ये लिव्हरपूलपर्यंत गेली. खुद्द डेट्रॉइटमध्ये मात्र ती उलट दिशेने, शहराकडून वस्तीकडे वळली. शहरभरच्या जेवणात ज्याचे मित्र अधिक आणि ज्याची जीभ सफाईदार त्याचे पारडे जड होण्याचा धोका असतोच. वस्तीच्या सूपमध्ये तो निदान कमी होतो, कारण ज्या रस्त्यावर बाक बसवायचा आहे, त्या रस्त्यावरून रोज जाणारा माणूस तिथे मत देतो, आणि बाक बसला नाही तर विचारायलाही तोच येतो.