जळजळ ऍसिडची, मग श्वास कशाला शिकवताय?

नमस्कार मंडळी, सांगलीतनं बोलतेय. मागच्या व्हिडिओत श्वासाच्या व्यायामात जळजळीचा नुसता उल्लेख केला आणि खाली कमेंटमध्ये तोच एक प्रश्न, की ताई ऍसिडिटी पोटाची, तुम्ही फिजिओथेरपिस्ट, मग श्वासाचा काय संबंध? तर आज तेवढंच.

अन्ननलिका छातीतनं खाली येते, डायफ्रॅमच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूच्या, भोकातनं पोटात उतरते, पुढं जठर. हे शाळेत झालंय सगळ्यांचं. तिच्या शेवटच्या तीन-चार सेंटीमीटरला स्नायूंचं कडं असतं, लोअर इसोफेजियल स्फिंक्टर, आपण एलईएस म्हणू. घास आला की सैल, गेला की परत घट्ट.

आता मेन गोष्ट. बरोबर त्याच जागी बाहेरनं डायफ्रॅमचा मांसल भाग, त्याला क्रुरा म्हणतात, अन्ननलिकेला वेढा घालून बसलेला असतो, बटव्याच्या नाडीसारखा. म्हणजे राखण करणारे दोघं आहेत. आतला एलईएस आपल्या ताब्यात नाही, कितीही ठरवलं तरी तो आवळता येत नाही, पण बाहेरचा डायफ्रॅम येतो, कारण श्वास आपण मुद्दाम घेऊ शकतो. आणि बघा, श्वास आत घेताना छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला आम्ल वर खेचलं जायला पाहिजे, पण नेमकं त्याच क्षणी डायफ्रॅम आकुंचन पावतो आणि वेढा आवळला जातो. मला हे कॉलेजात शिकताना जेवढं भारी वाटलं होतं तेवढंच आजही वाटतं.

मग जळजळ का? बहुतेकांचं एलईएस काही चोवीस तास ढिलं नसतं. जेवून जठर ताणलं की व्हेगस नर्व्हमधनं मेंदूला निरोप जातो आणि घास गिळलेला नसतानाही एलईएस आणि क्रुरा दोन्ही एकदम सैल पडतात, दहा सेकंदांहून जास्त. गॅस सुटायची वाट आहे ती, ढेकर अशीच येते. त्रास असलेल्यांना गॅससोबत आम्लही वर येतं. त्यामुळं "तिखटाला हात लावला नाही तरी जळजळलं" म्हणणाऱ्यांनो, पंगतीत तड लागेपर्यंत श्रीखंड-पुरी जेवलात तरी जठर ताणलंच की!

हायटस हर्नियात जठराचा वरचा भाग भोकातनं छातीत सरकतो. एलईएस वर, डायफ्रॅम खाली, दोघांची जोडी तुटते. या हर्नियाचं आणि रिफ्लक्सचं, म्हणजे आम्ल वर येण्याचं, नातं फिलिप ॲलिसन या ब्रिटिश सर्जनने 1951 मध्ये मांडलं, मग 1956 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दाब मोजून एलईएस दाखवलं गेलं आणि पुढं बरीच वर्षं सगळं लक्ष एलईएसवरच राहिलं, डायफ्रॅम बिचारा मागं पडला.

आता श्वास. पोटाचा श्वास म्हणजे पोट फुगवून दाखवणं नव्हे! तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका आले होते, म्हणाले यूट्यूबवर बघून रोज करतोय. झोपवलं, एक हात छातीवर, एक पोटावर ठेवायला लावला. पोट असं टणक करून वर ढकलायचे की हात उडायचा, आणि श्वास? तो आतच घेतलेला नसायचा. पोटाचे स्नायू ताणून ढकललंत तर पोटातला दाबच वाढतो, आणि तोच तर आपल्याला नकोय. डायफ्रॅम खाली उतरला की पोट आपोआप वर येतं, तुम्ही आणायचं नाही. बोटानं दाबून बघा, पोट मऊ लागलं पाहिजे. अजून एक खूण, खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना रुंदावतात, कंबरेच्या वर हात ठेवले की कळतं. खांदे कानाकडं निघाले तर ते छातीचंच काम चाललंय. नाकानं हळू आत, त्याहून हळू बाहेर, बस्स. काकांना हे जमायला वेळ लागला, पण जमलं.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात 2012 साली याच्यावर एक अभ्यास झालाय, छोटाच आहे, पण चार आठवड्यांच्या सरावानंतर अन्ननलिकेत येणारं आम्ल मोजून कमी भरलं. पण म्हणून लगेच गोळ्या मनानं बंद करू नका, प्लीज. गोळी आम्ल कमी करते, वेढा घट्ट करत नाही, दोन्हीचं काम वेगळं. आणि कमेंटमधले कपालभातीवाले, जेवल्यावर लगेच पोटाला झटके देऊ नका हो, भरल्या जठरावर तो दाबच पडतो.

उशांबद्दल मिरजेच्या ताईंनी विचारलंय. तीन उशा रचल्या की माणूस कंबरेत मोडतो, पोट दाबलं जातं. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आडव्या घाला, साधारण सहा इंच होतात, अख्खं अंग उतारावर येतं. पलंग हलत नाही ना तेवढं बघून घ्या. डाव्या कुशीवर झोपा, जठर खालच्या बाजूला राहतं. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास जाऊ द्या.

घास अडकतोय, वजन उगाच उतरतंय, शौचाला काळी होतेय, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. आणि छातीत दुखून घाम फुटतोय, कळ हाताकडं किंवा जबड्याकडं जातेय, तर ऍसिडिटी समजून सोडा पीत बसू नका, तडक हॉस्पिटल.