सेवा करणाऱ्याचं बीपी कोण बघणार?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय 'ताणतणाव आणि आरोग्य' असा छापलाय, पण ऑफिसचं टार्गेट, पोरांची दहावी-बारावी यावर बोलणारे भरपूर आहेत. मला बोलायचंय ते ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, किंवा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेली सासू आहे, त्या घरात त्यांचं सगळं करणारं जे एक माणूस असतं ना, बहुतेक वेळा बायको, नाहीतर सून, नाहीतर मुलगी, त्या माणसाबद्दल.

माझ्या दवाखान्यात एक बाई यायच्या, नवऱ्याला अर्धांगवायू. त्यांच्याकडे एक वही असायची. सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, शुगर, लघवी किती झाली, पोट साफ झालं का, किती वाजता कोणत्या कुशीवर वळवलं, सगळं तारखेसकट लिहिलेलं. एकदा मी विचारलं, तुमचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी बघितलं? तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय डॉक्टर!" पट्टा बांधला तर वरचं १८० च्या घरात. डोकं ठणकत होतं कित्येक दिवस, पण एक क्रोसिन घ्यायची आणि कामाला लागायचं, घरात कुणाला बोलल्याच नव्हत्या.

आता हे असं का होतं ते बघू. समोर धोका दिसला की अ‍ॅड्रिनॅलिन नावाचं हार्मोन सुटतं, छाती धडधडते, बीपी वर जातं, पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोन वाढतं आणि रक्तात साखर सोडली जाते, म्हणजे पळायला किंवा लढायला ताकद मिळावी. ही व्यवस्था चांगलीच आहे, पण ती थोड्या वेळापुरती आहे. सेवा करणाऱ्या माणसाचा धोका संपतच नाही हो! रात्री झोपलेत म्हणता, पण कान जागा असतो, खोकला आला की उठा, डायपर बघा, दर दोन तासांनी कूस बदला नाहीतर बेडसोर, म्हणजे पडून पडून पाठीला जखम होईल, आणि डिमेन्शियाचा पेशंट असेल तर संध्याकाळ झाली की त्यांची घालमेल सुरू होते, "मला घरी जायचंय" म्हणून दार उघडायला जातात आणि ते घरीच असतात. एरवी झोपेत बीपी खाली उतरतं, कॉर्टिसॉल रात्री कमी होऊन पहाटे परत वाढतं. झोपेचे असे तुकडे पडले की हा सगळा ताल बिघडतो. मग शुगर वाढते, पित्त होतं, पोटावर चरबी चढते, साधा सर्दी-खोकलासुद्धा लवकर जात नाही.

हे मी मनचं सांगत नाहीये. १९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या टीमने एक प्रयोग केला. डिमेन्शियाच्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि त्यांच्याच वयाच्या, पण घरी असं कुणी नसलेल्या १३ बायका घेतल्या, आणि सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एक छोटीशी जखम केली. सारखीच जखम, पण सेवा करणाऱ्या बायकांची भरून यायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. म्हणजे "टेन्शन फक्त डोक्यात असतं" असं जे आपण सहज बोलून जातो ना, ते प्लीज बंद करा. ते कातडीपर्यंत पोचतं. त्याच संशोधकांनी पुढे फ्लूच्या लशीचं बघितलं, तर जोडीदाराची सेवा करणाऱ्यांच्या शरीराने लशीला प्रतिसादही कमी दिला.

आणि आता जे सांगतोय ते नीट ऐका, कारण आज मी इथे त्यासाठीच आलोय. १९९९ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी वयस्कर जोडप्यांचा चार वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास छापून आला. जे आपल्या जोडीदाराची सेवा करत होते आणि त्याचा ज्यांना ताण होत होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अशी सेवा करावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. पण जे सेवा करत होते आणि तसा ताण नव्हता, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही! म्हणजे नुसत्या सेवेने माणूस खचतो असं नाही, सगळं एकट्यावर पडतं, सुटका नसते, कुणी विचारत नाही, त्याने खचतो. आणि हे बदलता येतं, निदान थोडं तरी.

म्हणून "पॉझिटिव्ह राहा, मेडिटेशन करा" हे मी या बायकांना सांगत नाही. अहो, ज्या बाईला धड अंघोळीला वेळ नाही तिला काय मेडिटेशन सांगता. सावकाश श्वास, सोडताना जरा जास्त वेळ, एवढं कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभं राहून करता येतं आणि छातीची धडधड त्याने खरंच कमी होते, ते करा. पण खरं काम घरच्या बाकीच्यांचं आहे. भावंडांनी एकदा बसून कामं वाटून घ्या. जो परदेशात आहे त्याने फोनवर "आईला हे दे, ते देऊ नको" सांगण्यापेक्षा नर्सिंग ब्यूरोतून सेवेला येणाऱ्या बाईचे पैसे भरावेत, औषधांची ऑर्डर, मेडिक्लेमचे कागद अंगावर घ्यावेत, ते तिथून होतं. जो जवळ राहतो त्याने आठवड्यातल्या दोन रात्री पेशंटच्या खोलीत झोपावं आणि त्या रात्री वहिनीने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावं. दार लावून, हे महत्त्वाचं! आणि तिच्या बीपीच्या गोळ्या पेशंटच्या गोळ्यांच्या डब्याशेजारीच ठेवा, म्हणजे त्यांच्या वेळेला तिचीही आठवण होईल.

राग येतो. कधी हात उगारला जातो, मग रात्रभर रडू येतं. असं होणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, पण तिथपर्यंत आलं असेल तर मदत मागायची वेळ झाली हे नक्की. सारखं रडू येतंय, जेवण जात नाही, "यातून सुटले तर बरं" असे विचार येतायत, तर डॉक्टरला सांगा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एक चिठ्ठी आलीय, "आईंना काही दिवस केअर सेंटरमध्ये ठेवलं तर पाप लागेल का?" ताई, नाही. काही ठिकाणी पंधरा-वीस दिवसांसाठीही पेशंट ठेवून घेतात, तुमचं ऑपरेशन असेल किंवा नुसती झोप हवी असेल तरी चालेल, कारण द्यायची गरज नाही. फक्त आधी एकदा न सांगता जाऊन या, जेवणाच्या वेळेला जा, घास भरवताना बाई घाई करतेय का बघा, खोलीला लघवीचा वास येतोय का बघा, आणि रात्री कितीजणांना एक माणूस आहे आणि कूस कोण बदलतं हे तिथल्या बाईला विचारा, मॅनेजरला नाही.