शुक्रवारची बॅच

[दृश्य: विभागाच्या भिंतीवरचं वेळापत्रक]

मुस्लिम अल्पसंख्याक महाविद्यालयात वेळापत्रक बसवणाऱ्याचा कस लागतो तो शुक्रवारी दुपारी. जुम्याची नमाज दुपारच्या पहिल्या प्रहरातली, त्याआधी खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल मात्र सलग चालतं. बारा वाजता बॅच लावली, तर टायट्रेशन अर्ध्यावर असताना सर निघणार आणि ॲसिड हाताळणारी मुलं प्रयोगशाळा परिचराच्या भरवशावर राहणार. म्हणून त्या दिवशी प्रॅक्टिकल सकाळी घ्यावं, मोठी सुट्टी नमाजच्या वेळेला आणावी आणि ती सगळ्यांना सारखीच द्यावी. नमाजला न जाणाऱ्या सहकाऱ्याच्या गळ्यात तेवढ्या वेळचे तास मारले की स्टाफरूममध्ये कुरबुर होते. ती रास्तच असते.

रमजानात तास सकाळी ओढून घेता येतात. पण सहायक प्राध्यापकाचे अध्यापनाचे आठवड्याचे १६ तास तेव्हाही सोळाच राहतात.

[दृश्य: छत्रपती संभाजीनगर, महाविद्यालयांची आवारं]

एखाद्या समाजाच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संस्था मराठवाड्याला नव्या नाहीत. इथलं मौलाना आझाद महाविद्यालय डॉ. रफिक झकेरियांनी १९६३ मध्ये उभारलं. त्याआधी, १९५० मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं.

संविधानाचं कलम ३०(१) धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. त्यामुळे पात्रतेतून सुटका होत नाही. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के, शिवाय नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा नियमात बसणारी पीएच.डी. हे तिथंही लागतंच. मुलाखतीत उमेदवाराला ‘रोजे धरता का?’ असं विचारून विषयाचं ज्ञान कळत नाही.

कलम २८(३) मात्र अनेकांना पाठ नसतं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल, तर संमती पालकाची हवी. घोळ होतो तो इथंच: एकाच आवारात कनिष्ठ महाविद्यालय असतं, अकरावीची मुलं सोळा वर्षांची असतात आणि सकाळची प्रार्थना सरसकट सगळ्यांना लागू केली जाते. प्रवेशाच्या वेळीच वेगळा संमतीफॉर्म घ्यावा. न देणाऱ्याची हजेरी प्रार्थनेला जोडू नये.

[दृश्य: उत्तरपत्रिकांचा गठ्ठा]

खरी कसोटी अंतर्गत गुणांची. टोपी, टिकली, पगडी यांवर चर्चा फार होते. नुकसान होतं ते इथं. आपल्याकडे नाव-आडनाव वाचलं की जात-धर्माचा अंदाज बांधायला वेळ लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतली आचारसंहिता विद्यार्थ्याचा धर्म, जात न पाहता वागायला सांगते, पण चाचणीच्या पेपरवर नाव ठळक लिहिलेलं असतं. नाव शेवटच्या पानावर लिहून ते पान दुमडायला लावावं. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासावा, मग दुसरा. सेमिनार आणि तोंडी परीक्षेचं लेखी काही उरत नाही, म्हणून वाद तिथं जास्त. दोघा शिक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि दोन्ही कागद विभागात जपावेत.

प्राणिशास्त्रातल्या उत्क्रांतीचंही तसंच. शिक्षकाची श्रद्धा काहीही असो, प्रकरण पूर्ण शिकवावं लागतं आणि उत्तराला गुण आदर्श उत्तरपत्रिकेप्रमाणेच पडतात. ‘हे फक्त परीक्षेपुरतं लिहा’ एवढं वर्गात म्हटलं, तरी मुलं ते प्रकरण ऑप्शनला टाकतात आणि पुढच्या वर्गात जनुकशास्त्राला अडतात.