आधी कोणासोबत ते ठरवा

मंडळी, विषय तुम्हाला माहितीच आहे, पैसे फिरण्यावर घालवायचे की पुढच्यासाठी ठेवायचे, आणि आधीच सांगतो, मी बचतीच्या विरोधात बोलायला उभा नाहीये. पहिल्या पगारापासून बचत करतोय. तरी एका बाबतीत माझं चुकलं, आणि चुकलं तेव्हा कागदावरचा हिशोब अगदी बरोबर होता, म्हणून ते सांगावंसं वाटतं.

माझा मुलगा 8-9 वर्षांचा असताना त्याला वाळवंटाचं वेड लागलं होतं. कुठल्यातरी पुस्तकात फोटो बघितलेला, रात्री उघड्यावर झोपायचं आणि वर आकाशभर तारे. रोज विचारायचा, बाबा आपण कधी जायचं? मी म्हणायचो, जाऊ रे, जरा पैसे साठू देत. तेव्हा पैसे नव्हते असं नाही, पण दर महिन्याला ठरलेली रक्कम गुंतवायची म्हणजे गुंतवायची, त्याला हात लावायचा नाही असं मीच ठरवलं होतं. तो 17 चा झाला तेव्हा एक दिवस मी म्हटलं चल, आता जाऊ वाळवंटात. तो म्हणाला, तुम्ही आणि आई जाऊन या ना, माझे क्लास आहेत. रागाने नाही, अगदी प्रेमाने म्हणाला. ते पैसे आजही माझ्याकडे आहेत, छान वाढलेत. पण ज्याला ते तारे बघायचे होते तो 9 वर्षांचा मुलगा आता घरात नाही.

आता ते वाढलेले पैसे म्हणजे नक्की काय ते बघू, कारण चक्रवाढ व्याजाचा तक्ता दाखवला की आपण सगळे गप्प होतो. समजा आज 100 चा खर्च असलेली ट्रिप तुम्ही रद्द केली आणि ते 100 दरवर्षी 8 टक्क्यांनी 30 वर्षं वाढवले, तर त्याचे साधारण 1000 होतात. दहापट! ऐकायला भारी वाटतं. पण महागाई 6 टक्के धरली तर तीच ट्रिप तेव्हा जवळपास 575 ला पडणार, म्हणजे 1000 मध्ये एक ट्रिप आणि वर पाऊण ट्रिप, बास. त्यातून टॅक्स जाईल तो वेगळाच. 30 वर्षं थांबल्याचं बक्षीस पाऊण ट्रिप! आकडे कमीजास्त करून बघा, परतावा आणि महागाई यातलं अंतर जास्त असेल तर बक्षीस मोठं होईल, पण त्या दहापटीच्या आकड्याला भुलून निर्णय घेऊ नका एवढंच माझं म्हणणं.

अर्थशास्त्रात फ्रँको मोदिग्लियानी म्हणून होऊन गेले, 1985 चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचा विचार साधारण असा, की माणूस कमावत्या वयात शिल्लक टाकतो ती म्हातारपणी खर्चायला, म्हणजे आयुष्यभर खर्च सारखा राहतो. घरभाडं, औषधं, रोजचं जेवण यांना हे अगदी लागू पडतं. फिरण्याला मात्र पूर्ण लागू पडत नाही असं मला वाटतं, कारण तिथे पैशाबरोबर गुडघे लागतात, दम लागतो. 3000 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच असतो, तिथे 30 व्या वर्षी चढणं आणि 70 व्या वर्षी चढणं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साठी जगाचं सरासरी आयुर्मान साधारण 73 वर्षं दिलंय आणि त्यातली चांगल्या तब्येतीची वर्षं 63 च्या आसपास, मधली दहाएक वर्षं कुठल्या ना कुठल्या दुखण्याची. सरासरी आहे, प्रत्येकाचं तसंच होईल असं नाही. पण रिटायर झाल्यावर जाऊ असं म्हणतो तेव्हा आपण सगळी यादी नेमकी त्याच वर्षांत नेऊन ठेवतो.

मग सगळं उधळून फिरा का? नाही हो. 3 ते 6 महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर आधी तो करा, आणि क्रेडिट कार्डावर कर्ज काढून ट्रिप तर अजिबात नको, आठवणी फिक्या व्हायला लागतात तेव्हाही हप्ते चालूच असतात. अजून एक सांगायला हवं. व्हॅन बोवेन आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवलं की वस्तूंपेक्षा अनुभवांवर खर्च केलेला पैसा लोकांना जास्त आनंद देतो, हे तुम्ही ऐकलं असेल, सगळीकडे सांगतात. पण 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तपासलं तेव्हा ज्यांची पैशाची ओढाताण चालू असते त्यांना उपयोगाच्या वस्तूने तेवढाच किंवा जास्तच आनंद होतो असं दिसलं. त्यामुळे ज्याच्या घरात गरजेची वस्तू अडलीय त्याला कोणी फिरायला जा म्हणून उपदेश करू नये, मी तर नाहीच करणार.

आणि खर्च करायचाच तर तो थोडा विचाराने करता येतो. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या दीडेक हजार लोकांचा अभ्यास छापून आला, त्यात सुट्टीवर जाणारे लोक बाकीच्यांपेक्षा जास्त खूश दिसले ते जायच्या आधी! परत आल्यावर बहुतेकांच्यात फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे वाट बघणं हाच ट्रिपचा मोठा भाग आहे, तर तिकीट लवकर काढा, घरात नकाशा लावा, पोरांना मोजू दे दिवस. तसंच मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांचं संशोधन सांगतं की अनुभव किती लांबला हे आपल्या फार लक्षात राहत नाही, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट राहतो. मला यातून असं वाटतं की 10 दिवसांची एक महागडी ट्रिप पुढे ढकलत बसण्यापेक्षा 3-3 दिवसांच्या छोट्या ट्रिप होऊ देत, आणि शेवटचा दिवस धावपळीत घालवू नका.

लोक विचारतात सुरुवात कशी करायची. मी म्हणतो ठिकाणांची यादी नंतर करा, आधी माणसांची करा. कोणासोबत जायचंय, आणि तो योग अजून किती वर्षं आहे. मुलं साधारण बारा-तेरापर्यंत आनंदाने येतात, भावंडं एका गावात आहेत तोवर जमतं, मित्र लग्न-नोकऱ्यांत अडकायच्या आधी. क्रूझ, म्युझियम, निवांत बसून बघायचा समुद्र हे सगळं खुशाल सत्तरीला ठेवा, ते थांबतं. ज्याची मुदत आधी संपते ते आधी.

मी पण ही यादी केली, जरा उशिरा केली. पहिलं नाव आईचं निघालं. ती 71 वर्षांची आहे, सलग एक किलोमीटर आरामात चालते, त्याच्या पुढे थकते, म्हणून दिवसाला एकच ठिकाण ठरवलंय आणि दुपारी विश्रांती. पुढच्या महिन्यात निघतोय. तिला खिडकीची सीट लागते, ती मिळालीय, रोज फोनवर तेच विचारते, खिडकी नक्की आहे ना?