वहिनींच्या छतावरची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

रोज सकाळी नळाची वेळ साधून घरातली चार माणसं एकामागोमाग एका न्हाणीघरात शिरतात आणि बाहेर पडतात. त्या घाईत पायाखालची लादी कोण बघतंय? मीही बघत नव्हतो. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. "भाऊजी, आमच्या बाथरूमच्या छताला सावली पडलीय असं महिनाभर वाटत होतं. काल स्टुलावर चढून हात लावला, तर ओलं!"

मी आत जाऊन वाकलो. बादली ठेवायच्या जागी दोन लाद्यांमधल्या सांध्याला केसासारखी भेग होती आणि पुढे वीतभर ग्राउट, म्हणजे सांध्यात भरलेला मसाला, गायबच.

मग आपण सगळे करतो तेच मी केलं. अर्धा किलो व्हाइट सिमेंट आणलं, पातळ कालवलं आणि बोटानं वरून फासलं. तीन आठवड्यांत झाडूबरोबर पापुद्रे निघाले. निघणारच. खाली साबणाचा बुळबुळीत थर, जुना भुसभुशीत मसाला; त्यावर कागदाएवढा नवा थर धरणार कशाला? शिवाय जास्त पाण्यात कालवलेलं सिमेंट वाळताना आकसतं आणि स्वतःच तडकतं.

तेव्हा भेग भरायच्या आधी ती का पडली ते शोधा. एक नाणं घ्या आणि दोन्ही बाजूंच्या लाद्या ठोकून बघा. टणटण वाजली तर लादी घट्ट आहे. ढबढब वाजली तर खाली पोकळी. लादी बसवणाऱ्यानं मधोमध मसाल्याचा गोळा टाकला आणि कोपरे रिकामे सोडले, की असं होतं. भरलेली बादली आपटली की कोपरा किंचित दबतो आणि सांधा तुटतो. अशी लादी उचलून पुन्हा बसवल्याशिवाय तिथं कितीही महागाचं ग्राउट टिकत नाही.

लाद्या घट्ट आहेत, पण सांधे झिजून खोल गेलेत? मग ॲसिडच्या बाटलीकडे बघा. ॲसिड ओतलं की फेस उठतो आणि आपल्याला वाटतं, मळ निघतोय. त्या फेसात सांध्यातलं सिमेंटही विरघळत असतं. दर महिन्याला थोडं थोडं ग्राउट आपणच गटारात सोडतो. आणि ॲसिडमध्ये ब्लीच तर कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली बाथरूम म्हणजे खोक्याएवढी.

आता लादीच्या पोटात जाऊ. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. सिमेंटचं ग्राउट चांगलं असलं तरी थोडं पाणी पितंच. पाणी अडवायचं काम लादीखालच्या थराचं. मुंबईतल्या कितीतरी इमारतींत बाथरूमचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो, आणि तो खड्डा विटांचे तुकडे आणि मसाला घालून भरतात. सांध्यातून उतरलेलं पाणी त्या विटांमध्ये मुरतं, साठतं आणि पुष्कळ दिवसांनी खालच्याच्या छतावर उमटतं. उलटही खरं: वरचा सांधा आज बुजवला तरी साठलेलं पाणी आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. तुम्ही पुष्कळ आठवडे गावी गेलात, बाथरूम कोरडं आहे, तरी खालचा डाग वाढतोच आहे, तर मात्र संशय पाइपावर घ्या.

दुसऱ्या खेपेला मी नीट कामाला लागलो. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेतला, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि सांधा खरवडला. निदान ३ मिलिमीटर खोल जायचं. जमलं तर लादीच्या जाडीच्या दोन तृतीयांशापर्यंत. महाकंटाळवाणं काम. हातभर सांध्याला माझी दुपार गेली, आणि एका लादीची कड उडाली ती वेगळीच. पण घाई इथं करू नका, बाकी कुठेही करा. धूळ ब्रशनं काढायची, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि वाळू द्यायचं.

ग्राउट कालवताना पाण्यात पावडर घालायची. श्रीखंडाइतकं घट्ट झालं की पाचदहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि पुन्हा ढवळायचं. वरून पाणी घालायचा मोह आवरायचा. रबराच्या पट्टीनं तिरपा हात मारत सांध्यात दाबायचं. पंधरावीस मिनिटांनी स्पंज घट्ट पिळून पुसायचं. स्पंजातून पाणी गळत असेल तर वरचं सिमेंट त्याच्याबरोबर निघून येतं.

सिमेंटऐवजी रेझिनचं असतं ते एपॉक्सी ग्राउट महाग, पण ते पाणी जवळजवळ पीत नाही आणि ॲसिडलाही जास्त दाद देत नाही. हातमोजे घाला आणि लादीवर सांडलेलं लगेच पुसा. घट्ट झाल्यावर ते निघता निघत नाही. सांध्यात ओल असताना ते भरू नका.

जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा, आणि जाळीच्या कडेची फट, म्हणजे प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात त्याच्याभोवतीची, इथं सिमेंट नको. तिथं दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात, कडक मसाला पुन्हा तडकतो. रबरासारखं लवचीक राहणारं सॅनिटरी सिलिकॉन भरा.

खरी पंचाईत पुढे आहे. २४ तास त्यावर पाय नाही आणि दोनतीन दिवस पाणी नाही. नक्की किती ते पाकिटावर वाचा. एकच बाथरूम आणि माणसं चार! आमच्यातले दोघे दादरला मामाकडे गेले. उरलेले दोघे टॉवेल घेऊन खाली वहिनींकडे, आमच्याच ओलीखाली उभे राहून आंघोळीला. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मी वर बघितलं नाही. आणि हे जुलैत काढू नका. हवाच इतकी दमट असते की सांधा आतून वाळतच नाही. मे महिना किंवा ऑक्टोबरचा उकाडा बरा.

खर्चावरून सोसायटीच्या सभेत आवाज चढण्याआधी एक सांगतो: गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंतून होणाऱ्या आतल्या गळतीची दुरुस्ती ज्याच्या घरातून गळती, त्या सभासदानं स्वखर्चानं करायची.

काम झालं त्या दिवशी वहिनींनी छतावरच्या डागाच्या कडेनं पेन्सिलची रेघ ओढली आणि बाजूला तारीख लिहिली. पहिले तीन आठवडे डाग रेघेपर्यंतच होता. आता तो रेघेच्या आत चार बोटं सरकलाय. रंग दिवाळीला लावू, तोवर रेघ पुसायची नाही, असं त्यांनी मला बजावलंय.

नमस्कार.