रीस्टार्ट मारायच्या आधी

(रत्नागिरीत छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींसमोर केलेलं बोलणं, थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. मागचे जरा पुढे या, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत आणि माईक मध्येमध्ये दगा देतोय.

इथे बसलेले बरेचसे डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, म्हणून नोकरीला लागलेले नाहीत, मला माहितीये. कोणी पतसंस्थेत आहे आणि याला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून सर्व्हर गळ्यात पडलाय, कोणी हॉस्पिटलचं बिलिंग बघतं, कोणाची मालवणात होमस्टेच्या बुकिंगची साइट आहे, कोणी एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी ऑनलाइन घेतं. सगळ्यांना फोन मात्र एकच येतो, "सर्व्हर चलना नाय". बास, पुढे काही नाही. कुठला सर्व्हर, कधीपासून, स्क्रीनवर काय लिहून आलं, काही सांगत नाहीत, आणि मग आपणही इकडून तेच म्हणतो, रीस्टार्ट मार.

माझं आजचं बोलणं या रीस्टार्टच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल आहे. रीस्टार्टने काम भागतं पुष्कळदा, नाही म्हणत नाही. पण तो मारला की कोण अडकलं होतं, कोणी अडकवलं होतं, मेमरी कोणी खाल्ली होती, हे सगळं पुसलं जातं आणि मग दोन दिवसांनी परत तेच रामायण. शिवाय काही वेळा त्या रीस्टार्टनेच खरी वाट लागते. तेच सांगायला आलोय.

पहिलं म्हणजे डिस्क. डेटाबेस लिहायचा थांबला, साइट नुसतीच फिरतेय, तर लिनक्सची डीएफ मायनस एच कमांड मारून डिस्क किती भरलीय ते बघा, १०० टक्के दिसलं तर निम्मं काम झालं. आणि जागा दिसतेय तरी लिहिता येत नसेल तर डीएफ मायनस आय, कारण आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फायलींच्या नोंदींच्या जागा, संपलेले असू शकतात, एखाद्या पीएचपी साइटने सेशनच्या लाखो बारक्या फायली करून ठेवलेल्या असतात आणि त्या साफ करायचं कोणाच्याच डोक्यात आलेलं नसतं. आता जागा खाल्ली कोणी? मायएसक्यूएल ८ या डेटाबेसमध्ये बायनरी लॉग, म्हणजे झालेल्या बदलांची नोंद, आपोआप चालू असतो आणि ३० दिवसांचा ठेवला जातो, सेटिंगमध्ये तो सेकंदात लिहिलेला दिसेल, २५९२०००. एरवी ठीक, पण सीझनला ऑर्डरींचा मारा झाला की हेच लॉग गठ्ठ्याने वाढतात. त्या फायली हाताने उडवू नका, पर्ज बायनरी लॉग्ज ही कमांड त्यासाठीच आहे, ती लॉगच्या फायलींची यादीही नीट ठेवते, फक्त रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसरीकडे चालू असलेली नक्कल, असेल तर तिचं वाचून झालंय का ते आधी बघा. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस असेल तर त्याहून जपा. तिथल्या पीजी-वॉल फोल्डरमध्ये, जिथे तो प्रत्येक बदल आधी लिहून ठेवतो, हात घालायचाच नाही. पूर्वी त्याचं नाव पीजी-एक्सलॉग होतं, लोक लॉग आहे म्हणून बिनधास्त उडवायचे आणि डेटाबेस गमवायचे, शेवटी २०१७ साली आवृत्ती १० मध्ये नावच बदलून टाकलं त्यांनी. ते फोल्डर फुगलंय म्हणजे बहुतेक वेळा कुठला तरी बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे रेप्लिकासाठी लॉग राखून ठेवणारी नोंद, ते अडवून बसलाय, किंवा ते लॉग आर्काइव्ह करायची, म्हणजे दुसरीकडे साठवायची, कमांड फेल होतेय. कारण तिथे शोधा.

आता गंमत बघा. तुम्ही दहा जीबीची लॉग फाइल उडवली, तरी डीएफ म्हणतं १०० टक्केच. का? तर ती फाइल एखाद्या चालू प्रोसेसने उघडून धरलेली आहे. नाव गेलं, जागा नाही गेली. एलएसओएफ प्लस एल वन मारलं की अशा फायली कोणी धरल्यात ते दिसतं. इथे त्या प्रोसेसला रीस्टार्ट दिला की जागा सुटते, म्हणजे इथे रीस्टार्ट बरोबर.

पण हीच गोष्ट उलटी करून बघा. एका ठिकाणी, नाव नको, जागा करायच्या नादात कोणीतरी डेटाची फाइलच उडवली. आयबीडेटा-वन. मायएसक्यूएल चालूच होतं, लोकं काम करत होती, कोणाला काही कळलंच नाही, कारण प्रोसेसने ती फाइल धरून ठेवलेली. मग "हळू चालतंय" म्हणून कोणीतरी रीस्टार्ट मारायला निघालं. मारला असता तर संपलंच होतं, कारण जगात त्या फाइलची तीच एक प्रत उरलेली आणि तीसुद्धा फक्त त्या प्रोसेसच्या हातात. अशा वेळी सर्व्हर बंद करायचा नाही. आधी लिहिणं थांबवायचं, चालू सर्व्हरमधून पूर्ण डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा, आणि गरज पडली तर लिनक्सच्या प्रॉक फोल्डरखाली त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमध्ये ती फाइल "डिलीटेड" असं लिहिलेली दिसते, तिथून कॉपी करता येते. तो डंप उघडून, रेकॉर्ड मोजून खात्री होईपर्यंत कोणी पॉवर बटणाजवळ फिरकायचं नाही. मी तर खुर्ची टाकून बसवतो माणूस तिथे, खरंच.

पुढचं, कनेक्शन. गणपतीच्या आधी बुकिंगवाल्यांचा हमखास फोन, टू मेनी कनेक्शन्स, एरर १०४०. मायएसक्यूएलमध्ये न बदलता १५१ कनेक्शन मिळतात, पोस्टग्रेसमध्ये १००. मायएसक्यूएल ॲडमिनसाठी एक जास्तीचं राखून ठेवतं, पोस्टग्रेस सुपरयूजरला तीन, ती याच वेळेसाठी असतात, म्हणून ॲप्लिकेशनला कधी रूट युजर देऊ नका, नाहीतर राखीव जागेवरही तेच जाऊन बसतं. आत शिरलात की शो प्रोसेसलिस्ट, म्हणजे कोणकोण जोडलेलं आहे त्याची यादी. तिथे शंभरातली नव्वद जर "स्लीप" दिसली तर गर्दी गिऱ्हाईकांची नाहीये, तुमचं ॲप कनेक्शन उघडतंय आणि बंद करत नाहीये, आणि मायएसक्यूएल अशा झोपलेल्याला २८८०० सेकंद म्हणजे आठ तास उठवत नाही. लोक काय करतात, मर्यादा १५१ ची २००० करतात. मग प्रत्येक कनेक्शन थोडी थोडी मेमरी घेतं, चार जीबीच्या मशीनवर रॅम संपते आणि लिनक्सचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर सगळ्यात जाड प्रोसेस उचलून मारतो. सगळ्यात जाड कोण, तर डेटाबेसच. तुम्हाला वाटतं डेटाबेस आपोआप बंद पडतो. डीमेसेज, म्हणजे लिनक्सचे स्वतःचे संदेश, बघा, तिथे खुनाची नोंद असते. पण मशीनच रीबूट केलं असेल तर डीमेसेज कोरा होतो, मग सिस्टीमच्या नोंदींचं जर्नल डिस्कवर साठवून ठेवलं असलं तरच काही हाती लागतं.

लॉकचं, म्हणजे एकाने नोंद धरली की बाकीचे रांगेत, ते सांगतो आणि यावर जरा थांबतो, कारण रोज यातच सगळे अडकतात. पतसंस्थेत दुपारी दीडला व्यवहार सेव्ह होईना. एरर १२०५, लॉक वेट टाइमआउट. ५० सेकंद वाट बघून मायएसक्यूएल सोडून देतं. आता ज्याला एरर आली तो गुन्हेगार नसतो, तो बिचारा रांगेत होता. गुन्हेगार कोण, तर एकाने वर्कबेंच, म्हणजे मायएसक्यूएल हाताळायचं सॉफ्टवेअर, उघडून ट्रान्झॅक्शन सुरू केलं, एक अपडेट मारला, कमिट, म्हणजे बदल पक्का, न करता डबा खायला गेला. प्रोसेसलिस्टमध्ये तो "स्लीप" म्हणून अगदी शहाण्यासारखा दिसतो, म्हणून तिथे तो सापडत नाही. इन्फर्मेशन स्कीमामधलं इनोडीबी-टीआरएक्स टेबल बघा, सगळ्यात जुनं ट्रान्झॅक्शन कोणाचं ते तिथे दिसतं, थ्रेडचा नंबरही असतो, तेवढा एकच किल करा. पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीत तोच माणूस "आयडल इन ट्रान्झॅक्शन" म्हणून सापडतो. एकाला उठवायचं तर सगळी वाडी कशाला जागी करायची?

आणि मोठा अपडेट अर्ध्यात मारला असेल तर लक्षात ठेवा, जेवढं केलं तेवढं उलटं फिरवायला त्याला वेळ लागतोच, कधी जास्तच लागतो. लोकांना वाटतं हे रोलबॅक लांबलंय तर रीस्टार्ट मारून सुटू. नाही सुटत. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन, परत उठल्यावर तेच रोलबॅक पुढे चालू ठेवतं. पोस्टग्रेसमध्ये आणखी एक, एका क्वेरीला किल मायनस नाइन, म्हणजे जबरदस्तीने मारायची कमांड, दिलं तर मुख्य प्रोसेस सगळ्यांनाच खाली ओढून क्रॅश रिकव्हरी सुरू करते. पीजी-टर्मिनेट-बॅकेंड वापरा की, त्याच कामासाठी आहे ते.

लाइटचं तर आपल्याकडे बोलायलाच नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. तेवढं सोडा, साधा पहिला पाऊस पडला तरी दिवसातून चारदा जाते. लाइट आल्यावर डेटाबेस उठायला वेळ घेतो, तो लॉग वाचून अर्धवट राहिलेलं काम जुळवत असतो, लॉगमध्ये तसं लिहिलेलंही असतं. दहा मिनिटं काही होत नाही म्हणून आपण परत बटण दाबतो, तो परत पहिल्यापासून वाचायला लागतो. इनोडीबी फोर्स रिकव्हरी नावाचं एक सेटिंग गूगलवर सापडतं, त्याला १ ते ६ पायऱ्या आहेत, ४ पासून पुढे डेटा कायमचा खराब होऊ शकतो असं त्यांच्याच कागदपत्रात लिहिलंय, तर आधी फायलींची कॉपी, मग १, आणि चालू झाला की डंप काढून मोकळं व्हायचं. थेट ६ टाकणारे महाभाग आहेत.

विंडोजवाल्यांसाठी पटकन. बिलिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरखाली एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस असतो, फुकटातला. २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे. डिस्कवर पाचशे जीबी मोकळी आहे आणि तो म्हणतो फाइलग्रुप फुल, तर हे कारण. लॉग फाइल यात धरत नाहीत. ती वेगळी फुगते, एरर ९००२, आणि ती फुगते कारण रिकव्हरी मॉडेल फुल, म्हणजे बॅकअप होईपर्यंत लॉग राखून ठेवणारं, ठेवलंय पण लॉगचा बॅकअप कोणी कधी घेतलेलाच नाही. तिथे फाइल रोज श्रिंक, म्हणजे छोटी, करून काय उपयोग, उद्या परत तेवढीच.

बॅकअप. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या लोकांचे कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने रेप्लिकाचं फोल्डर साफ करायचं म्हणून चुकून मुख्य सर्व्हरचं उडवलं, सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप होते की, पण पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारं पीजी-डंप जुन्या ९.२ चं चालत होतं आणि डेटाबेस ९.६, त्यामुळे तो रोज फेल होत होता, आणि फेल झाल्याच्या मेल डीमार्क या मेल तपासणीमुळे पोचतच नव्हत्या. कोणीतरी सहा तासांपूर्वी टेस्टिंगसाठी हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, घेतला होता म्हणून वाचले. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं, मोठेपणा त्यांचा. आपल्याकडे बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात असते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं टेबल आणि खण एकदमच पाण्याखाली, मग बॅकअप कशाचा? एक प्रत गावाबाहेर पाहिजे, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली पाहिजे.

मगाशी त्या ताईंनी विचारलं की ग्राहकांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली, परत येतील का. ताई, हे दोन प्रकारचं असतं. नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए, आणि मधेमधे नाण्यासारखी चिन्हं असा कचरा दिसत असेल तर आनंद माना. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-एट या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं, ते तीन बाइट शाबूत आहेत, कोणीतरी ते लॅटिन-वन, म्हणजे रोमन अक्षरांची जुनी पद्धत, समजून दाखवतंय एवढंच, ते सरळ करता येतं. पण खरीखुरी प्रश्नचिन्हं असतील तर सेव्ह होतानाच अक्षरं टाकून दिली गेली. हेक्स फंक्शनने बघा, थ्री-एफ, थ्री-एफ (म्हणजे प्रश्नचिन्हाचा कोड) अशी रांग दिसली की त्या डेटाबेसमध्ये ती नावं उरलेली नाहीत, जुन्या बॅकअपमधून किंवा कागदी फॉर्मवरून परत भरावी लागतील. आणि आजपासून टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफएट-एमबीफोर, म्हणजे मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-एट, ठेवा, नुसतं टेबल बदलून होत नाही, बिघडतं ते बहुतेक कनेक्शनकडे. त्या डेटावर काही करायच्या आधी एक डंप घ्या ताई, आणि आणलाय का लॅपटॉप? चहा झाला की बसू.